घरातल्या वडीलधाऱ्यांचं व्यक्तिशिल्प मातीत घडवताना

पहिल्यांदा व्यक्तिशिल्प करायला बसलेला माणूस बहुधा नाकापासून सुरुवात करतो. मग डोळे, मग ओठ. समोरून चेहरा जमला असं वाटलं की मागे कवटी चढवतो. स्टँड जरासा फिरवला की कानाच्या अलीकडे माणूस आणि पलीकडे मातीचा ढीग दिसतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी म्हणूनच उलट्या बाजूनं बसवतो. आधी मान, मानेखालचा वर आलेला मणका, कवटीचा मागचा फुगवटा, कानामागचं हाड आणि जबड्याचा कोन. एवढं बरोबर आलं की नाक-डोळे नसतानाही घरातलं कोणीतरी येऊन म्हणतं, "अरे, हे तर बाबा!" आपल्या माणसाला आपण गर्दीत पाठीमागून ओळखतो ते यामुळेच.

माझ्याकडे येणारी बहुतेक कामं माणूस गेल्यावर येतात. हातात एक पासपोर्ट फोटो असतो, नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोतून मोठं करून आणलेलं धूसर डोकं. फोटोला मागची बाजू नसते. कान किती बाहेर होता, मान किती पुढे झुकली होती, हनुवटीखाली कातडी कशी लोंबत होती, हे मुलांनाही सांगता येत नाही. आई असताना तिच्याकडे असं कोणी पाहिलेलंच नसतं. तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल आणि तुमच्या हाताला थोडीफार सवय असेल, तर त्यांना आत्ताच बसवा. त्यासाठीच हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

मी बेलापूरच्या शहाबाज गावचा, आगरी घरातला. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भात, मीठ आणि खाडी यांवर जगलेली शेवटची पिढी आता म्हातारी झाली आहे. १९८४ च्या जानेवारीत या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं, ज्यात जासईच्या बाजूला पाच शेतकरी गोळीबारात गेले, त्यात चाललेली माणसं अजून आमच्या गावांत ओट्यावर बसलेली दिसतात. मला शिल्पाला विषय शोधायला कुठे जावं लागत नाही. मिठागरात उभं आयुष्य गेलेल्या माणसाच्या डोळ्यांभोवती बारीक, खोल सुरकुत्यांचं जाळं असतं, कारण पांढऱ्या मिठावरून परतणारं ऊन खालून डोळ्यांत जातं. माशांची पाटी डोक्यावर वाहिलेल्या दिवाळे गावच्या कोळणीची मान ऐंशीव्या वर्षीही ताठ असते आणि हनुवटी किंचित वर. तिच्याच वयाच्या, आयुष्यभर टेबलाशी बसलेल्या बाईची मान पुढे आलेली असते. माणसानं काय काम केलं ते मानेत दिसतं, आणि तेच मला मातीत आणायचं असतं.

या वाटेवर मला नेलं ते सासवण्यानं. मांडव्याहून अलिबागला जाताना वाटेत सासवणे लागतं. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं (१८९१–१९६७) घर आणि शिल्पालय तिथे आहे. पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा (१९२८) करणारा हा माणूस गावातल्या माणसांना आणि म्हशीलाही तितक्याच मनानं सिमेंटमध्ये घडवतो. महागडा संगमरवर नाही, ब्राँझ नाही, साधं सिमेंट. अंगणातल्या त्या म्हशीच्या पाठीच्या हाडावरून नजर फिरवा, म्हणजे कातडीखाली हाड असणं काय असतं ते कळेल. काम सुरू करण्याआधी एकदा तिथे जाऊन याच.

आता सामान. माती गणपतीच्या कारखान्यातून मिळते. पेण, हमरापूरला गेलात तर उत्तमच, पण ठाणे-नवी मुंबईतही जवळपास कारखाना असतो. गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने त्यांना त्रास देऊ नका, दिवाळीनंतर निवांत माती आणि शहाणपण दोन्ही मिळतं. शाडू मुळात गुजरातेतून, भावनगरच्या बाजूनं येतो. नुसता शाडू मला जरा तुटक वाटतो, म्हणून मी त्यात कुंभाराची चिकण माती साधारण एक तृतीयांश मिसळतो. मान आणि खांद्याच्या थोड्या भागासह पूर्ण आकाराच्या डोक्याला १२ ते १५ किलो माती लागते. कणीक मळतो तशी ती तळहाताच्या टाचेनं दाबून मळा. आत हवेचे फुगे राहता कामा नयेत आणि माती बोटाला चिकटता कामा नये.

आर्मेचरसाठी, म्हणजे माती धरणाऱ्या आतल्या सांगाड्यासाठी, ३० सेंटिमीटर चौरस, १८ मिलिमीटर जाडीचा प्लाय घ्या. त्यावर नळकामवाल्यांकडे मिळणारा फ्लँज (पाइप उभा धरणारी चकती) स्क्रूनं बसवून त्यात अर्ध्या इंचाचा जीआय पाइप उभा करा. पाइप बरोबर मध्ये नको, थोडा मागे. मान कवटीच्या मागच्या अर्ध्यातून निघते आणि पुढे कलते, पाइप मध्ये घेतला तर तो कधीतरी गळ्यातून बाहेर डोकावतो. वर ॲल्युमिनियमच्या जाड तारेचे दोन वेटोळे एकमेकांना काटकोनात, डोक्यापेक्षा सगळीकडून तीन-चार सेंटिमीटर लहान. आतल्या पोकळीत वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरा, वजन आणि माती दोन्ही वाचतात. लाकडाच्या दोन काड्या फुलीसारख्या बांधून तारेला टांगा. याला आम्ही बटरफ्लाय म्हणतो. माती खाली घसरायला लागली की तोच तिला धरतो. पाइपवर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून ठेवा, शेवटी तो ओढून काढायचा आहे.

हत्यारं थोडीच लागतात: दोन-तीन लाकडी पट्ट्या, माती खरवडायचे दोन वायर टूल, अंतर मोजायचा दोन पायांचा कॅलिपर, ओळंबा, पाण्याचा फवारा. बाकीचं काम अंगठा करतो.

खरा वेळ द्यायचा तो माणूस बसवण्यात. म्हाताऱ्या माणसाला "हलू नका" म्हटलं की त्याचा चेहरा मरतो. माझी चुलत आजी पहिल्या दिवशी खुर्चीत बसली आणि म्हणाली, "कला रं (कशाला रे), माजा फोटो हाय ना?" आणि मग फोटोला बसल्यासारखी तोंड मिटून गप्प झाली. मी तिच्यापुढे कोळंबी सोलायला ठेवली. हात कामाला लागले तशी तोंडाला वाचा फुटली, आणि मला हवी होती ती मान दिसायला लागली. तांदूळ निवडणं, शेंगा सोलणं, वाती वळणं, पेपर वाचणं, जे त्यांचं रोजचं असेल ते द्या. तीस-चाळीस मिनिटांहून जास्त एका बैठकीत बसवू नका. त्यांची खुर्ची पाटावर चढवून घ्या, म्हणजे त्यांचे डोळे आणि तुमचे डोळे एका पातळीत येतील आणि मातीचं डोकंही त्याच पातळीत स्टँडवर ठेवता येईल.

प्रकाश एकाच बाजूनं, थोडा वरून यायला हवा. खिडकी असेल तर उत्तम. छतावर चारी बाजूंनी ट्यूबलाइट असलेल्या खोलीत चेहरा सपाट होतो, गालाखालची सावलीच नाहीशी होते. घारापुरीच्या लेण्यात महेशमूर्तीसमोर उभे राहा. साडेपाच मीटरच्या आसपास उंचीच्या त्या मूर्तीवर बाहेरचा उजेड एका अंगानं येतो आणि झुकलेल्या पापण्या, जाड खालचा ओठ त्या सावलीनंच उभे राहतात. ज्यानं ते बेसाल्टमध्ये कोरलं त्यानं उजेड आधी पाहिला होता, अशी माझी पक्की समजूत आहे.

पहिल्याच बैठकीच्या आधी एक गोष्ट ठरवून टाका: कवळी घालून करायचं की काढून. ही बाब लहान वाटते, पण दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजतं, हनुवटी नाकाच्या जवळ येते, ओठ आत वळतात. कवळीनं ते अंतर पुन्हा वाढतं. एका बैठकीला कवळी आणि दुसरीला नाही, असं झालं की खालचा अर्धा चेहरा दोन माणसांचा होतो. चष्मा, पदर, नथ, टोपी यांचंही आधीच ठरवा. माझं मत विचाराल तर कवळी काढून करा. माणूस घरात जसा असतो तसा.

मापं मोजकी घ्या. हनुवटीपासून टाळूपर्यंतची उंची, कानाच्या भोकापासून हनुवटीपर्यंत, कानाच्या भोकापासून नाकाच्या टोकापर्यंत, गालफडांची रुंदी, जबड्याच्या दोन कोनांमधलं अंतर, कपाळापासून मागच्या फुगवट्यापर्यंतची खोली. कॅलिपर डोळ्यांजवळ नेऊ नका. कानाचं भोक हा आपला मुक्काम, बाकी सगळं तिथून मोजायचं. ओळंबा लांब धरून बाजूनं पाहा: कपाळ, वरचा ओठ, हनुवटी यांतलं कोण पुढे आहे, कोण मागे. बहुतेक नवशिके कवटीची खोली कमी करतात. बाजूनं पाहताना कान बरोबर मध्ये नसतो, मध्यरेषेच्या किंचित मागे असतो, आणि त्याच्याही मागे बरंच डोकं असतं.

माती लावताना लहान गोळ्या करून दाबत जा, थापू नका. आधी मान आणि कवटीचा अंड्यासारखा मोठा आकार. मानेच्या दोन्ही बाजूंना कानामागच्या हाडापासून गळ्याच्या खळगीकडे जाणारे दोन स्नायू आहेत. म्हातारपणी मेद उतरल्यामुळे ते दोरासारखे दिसतात. तेच आधी टाका, मानेचा कल आपोआप ठरतो. मग भुवईचं हाड, गालफड, जबडा, हनुवटी. या वेळी चेहरा दगडातून ढोबळ तासल्यासारखा, सपाट पृष्ठांचा असू द्या. दर दहा मिनिटांनी स्टँड थोडा फिरवा आणि तितकंच तुम्हीही माणसाभोवती सरका. समोरून मी सगळ्यात कमी काम करतो. बाजूची आणि पाऊण बाजूची बाह्यरेषा जमत गेली की समोरचं जमतं.

डोळ्याचा गोळा म्हणजे साधारण २.४ सेंटिमीटर व्यासाचा चेंडू. तेवढी मातीची गोळी करून खोबणीत आत बसवा आणि मग त्यावर पापण्या पट्ट्यांसारख्या चढवा, वरची खालचीपेक्षा पुढे. म्हाताऱ्या माणसात भुवईखालची कातडी वरच्या पापणीवर उतरलेली असते, बाहेरच्या कोपऱ्याकडे जास्त. ती घडी दाखवली नाही तर डोळा तिशीतला राहतो. बाहुलीसाठी काळजीपूर्वक खळगा करून त्यात वरच्या बाजूला मातीचा इवलासा कण ठेवा. त्याच्यावर उजेड पडतो आणि नजर येते. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये उदाँ या शिल्पकारानं हे करून दाखवलं, आणि आजही याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही.

कानांची पाळी वयाबरोबर लांबते, नाकाचं टोक खाली येतं. सुरकुत्या मात्र शेवटी, आणि त्याही मोजक्या. सुरकुती ही रेघ नसते. ती दोन उंचवट्यांमधली दरी असते. टूलच्या टोकानं ओरखडे काढलेत तर चेहऱ्यावर केस चिकटल्यासारखं दिसतं. आधी गालाचा लोंबलेला भाग भरा, वरच्या ओठाचा भाग भरा, त्यांच्यामधली घडी आपसूक पडते. आजीचा खालचा ओठ वर्षानुवर्षं मिश्री लावून डावीकडे जरासा ओढला गेला होता. समोरून तो कोणाच्या लक्षात आला नसता, पण खालून, हनुवटीच्या बाजूनं पाहिल्यावर ओठाची कड सरळ नाही हे कळलं. तेवढा एक कोपरा दोन मिलिमीटर सरकवला आणि आत्या मागून म्हणाली, "आता बोलल बघ." चेहऱ्याच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात. त्या सारख्या करण्याचा मोह आवरा.

बैठकांच्या मध्ये माती ओली ठेवावी लागते. जुन्या लुगड्याचं सुती कापड पिळून गुंडाळा, वर प्लॅस्टिकची पिशवी. कापड नाक-डोळ्यांना टेकू नये म्हणून डोक्यात, खांद्यात अगरबत्तीच्या काड्या खोचून ठेवा. मे महिन्यात हे रोज पाहावं लागतं, पावसाळ्यात दोन दिवस गेले तरी चालतं, पण बुरशी धरते.

थांबायचं कधी? अंगठ्यांचे ठसे दिसत असतानाच. ओल्या ब्रशनं सगळं गुळगुळीत केलं की माणूस दुकानातला पुतळा होतो. मागे, मानेखाली, नाव आणि वर्ष मातीतच लिहा.

हे डोकं वाळवून ठेवता येत नाही. माती सुकताना आकसते, आतला पाइप आकसत नाही, म्हणून तडे जातात. त्यामुळे साचा घेऊन पीओपीत, म्हणजे प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये, उतरवायचं. एकच प्रत हवी असेल तर वेस्ट मोल्ड पुरे, म्हणजे साचा शेवटी फोडून टाकायचा. प्लॅस्टर हलकं माध्यम आहे असं समजू नका. शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांनी विद्यार्थिदशेत, १८९६ मध्ये केलेली ‘मंदिरपथगामिनी’ प्लॅस्टरमध्येच आहे.

टाळूवरून दोन्ही कानांच्या मागून खांद्यापर्यंत एक रेघ ठरवा. शीतपेयाच्या रिकाम्या कॅनचे तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे कापून त्या रेघेवर एकाला एक लागून अर्धे आत खोचा, कुंपणासारखी भिंत तयार होते. पीओपी कालवताना पाण्यात पीओपी भुरभुरायचं, पीओपीत पाणी ओतायचं नाही. एक लिटर पाण्याला साधारण दीड किलो. पाण्यावर कोरडी बेटं दिसायला लागली की थांबा, एक-दोन मिनिटं भिजू द्या, मग हात तळाशी ठेवून हळू फिरवा. पहिल्या थराच्या पाण्यात कपड्यांची नीळ घाला. हा निळा थर बोटांनी शिंतडून, फुंकून खाचाखोचांत पोचवा, जाडी अर्धा सेंटिमीटर. तो आवळला की कडा सोडून त्यावर मातीचं पातळ पाणी ब्रशनं फिरवा, म्हणजे वरचा थर नंतर सहज सुटेल. वरून पांढरा थर दोन-अडीच सेंटिमीटर, त्यात काथ्या. कुंपणाची वरची कड मात्र उघडी राहू द्या. पीओपी तापतं आणि मग निवतं, निवल्यावर तासभर थांबा. सांध्यात पाणी सोडत लाकडी पाचर हलकेच ठोका. माती फुगते आणि मागचा भाग सुटतो. पाइप, तारा, माती काढा आणि आतून मऊ ब्रशनं धुवा.

साच्याला आतून साबणाचं दाट पाणी तीनदा लावा आणि दर वेळी फेस टिपून घ्या. शेवटी गोडेतेलाचा अगदी पुसट हात. यात घाई करू नका, साबण राहिला तर पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि कमी पडला तर साचा सुटत नाही. दोन्ही भाग बांधून सांधे काथ्या-पीओपीनं बंद करा, आत सायीसारखं पीओपी ओतून साचा फिरवत राहा, उरलेलं परत ओता. असं करत जाडी एक-दीड सेंटिमीटर झाली की आतून काथ्याचा थर द्या.

दुसऱ्या दिवशी बोथट छिन्नी आणि हलकी हातोडी. छिन्नी पृष्ठभागाला काटकोनात. पांढरा थर निर्धास्त काढा, निळं दिसलं की हात आवरा. कान आणि नाक सगळ्यात शेवटी. निळा पापुद्रा उडाला आणि खालून आजीचा गाल दिसला, त्या क्षणासाठी मी हे काम करतो.

काही सूचना जिवाच्या आहेत. घट्ट होताना पीओपी भाजण्याइतकं तापतं, म्हणून कोणाच्याही हातावर किंवा चेहऱ्यावर थेट पीओपीचा साचा घेऊ नका, म्हाताऱ्या माणसाच्या तर नाहीच. भांडी मोरीत धुऊ नका, बादलीत गाळ बसू द्या आणि तो कचऱ्यात टाका, नाहीतर नळी कायमची बुजते. पावसाळ्यात उघडी राहिलेली पीओपीची पिशवी हवेतली ओल ओढून मेलेली असते, नवीनच आणा. पुढे फायबरमध्ये (फायबरग्लासमध्ये) प्रत काढायची असेल तर रेझिनचा हार्डनर आणि कोबाल्ट (ही रेझिन घट्ट करणारी दोन द्रव्यं) एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच दुसरं. मास्क आणि हातमोजे हवेतच. ब्राँझ घरी करायचं काम नाही. फाउंड्रीत पाच-सहा मिलिमीटर जाडीची मेणाची प्रत करतात, भोवती पीओपी आणि विटांच्या भुकटीचा साचा, मेण जाळून काढतात आणि ११०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला रस ओततात. तुम्ही मेणाच्या टप्प्यावर तिथे हजर राहा. मेणात ओठाची कड कोणीतरी "साफ" करून टाकतं, आणि ती नेमकी तुम्ही मेहनतीनं वाकडी ठेवलेली असते.

प्लॅस्टर पूर्ण वाळायला आमच्या दमट हवेत पंधरवडा लागतो. मग चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन पातळ हात द्या, वर मातीच्या रंगाची पावडर मेणात कालवून फडक्यानं चोळा. ठेवताना डोळ्यांची पातळी त्या माणसाच्या खऱ्या उंचीला येईल एवढा स्टूल करून घ्या. टीव्हीवर, कपाटावर चढवू नका. भिंतीपासून हातभर पुढे ठेवा, म्हणजे मागूनही बघता येईल. धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झाडायची, ओलं फडकं लावायचं नाही.